एकेचाळिसावी ओळ

रुग्णालयात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. कुठल्याही टेबलावरचा फोन उचलून नऊ दाबला की पलीकडून ती बोलायची, म्हणून ती नऊताई. शस्त्रक्रिया विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना स्वतःच्या जावयाचं नाव पटकन आठवत नसे, पण नऊताई त्यांना बरोबर आठवायची.

जिन्याखाली काचेचं एक खोकं होतं. त्यात ती एकोणीस वर्षं आणि चार महिने बसत आली होती. आतले एकशे चौऱ्याऐंशी नंबर तिला पाठ होते, पण त्यात विशेष काही नव्हतं. नंबर कुणालाही पाठ होतात. नंबरांच्या पलीकडचं जे होतं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. सहा नंबर वॉर्डात दुपारी एक ते दोन कुणी फोन उचलत नाही, तेव्हा शेजारच्या कपड्यांच्या खोलीत लावायचा. एक्स-रेवाला दुसऱ्या घंटेला उचलतो. तिसऱ्या घंटेपर्यंत नाही उचलला तर तो जागेवरच नाही. आणि एखाद्या वॉर्डात नुकतंच कुणी गेलं असेल, तर त्या घरचा फोन सरळ जोडायचा नाही. आधी सिस्टरच्या कानावर घालायचं, तिला दोन मिनिटं द्यायची, मग जोडायचा.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला तिच्या संगणकावरचा बाण आपोआप हलायला लागला. त्याच वेळी फोन वाजला.

"मॅडम, सर्व्हरवाला बोलतोय. मी आता तुमच्या स्क्रीनवर आहे. माउसला हात लावू नका."

"नाही लावत. पण आलात कुठून?"

"चारशे किलोमीटरवरून."

"एवढ्या लांबून आलात, चहा तरी घेणार का?"

पलीकडचा मुलगा हसला. आवाजावरून पंचविशी-सत्ताविशीचा असावा. तिने मनातल्या मनात त्याचं नाव रिमोटराव ठेवलं, आणि तासाभरात ते तोंडावरही आलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो मात्र मॅडमवरून ताईवर आला.

रिमोटराव कशासाठी आला होता हे तिला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तिच्या खोक्यामागच्या खोलीत एक काळी पेटी येऊन बसली होती. उंचीने ती शिलाई मशीनएवढी. बाहेरचा प्रत्येक फोन यापुढे ती पेटीच घेणार होती आणि कुणाला काय हवं ते विचारून जोडून देणार होती. प्रशासकांनी तिला बोलावून सगळं नीट समजावलं होतं. शिक्का मारल्याशिवाय ते सुट्टीच्या दिवसाच्या शुभेच्छाही देत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. सगळे त्यांना पाठीमागे शिक्केसाहेब म्हणत. ते म्हणाले, "पेटी सुरू झाली की ऑपरेटरचं पद रद्द. तुम्हाला धुलाई विभागाच्या नोंदवहीवर घेऊ. नोकरी जाणार नाही, काळजी नको."

"आणि खोली?"

"खोली पदाची आहे, नऊताई. पद गेलं की खोली गेली. वीस वर्षं पूर्ण असती तर निवृत्तीपर्यंत ठेवता आली असती. नियमच आहे तसा."

"आठ महिने कमी आहेत."

"हो ना," शिक्केसाहेब हळहळत म्हणाले. "नेमके आठ."

खोली म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, खोक्यापासून नव्वद सेकंदांच्या अंतरावर असलेल्या दोन लहान खोल्या. तिथे ती आणि तिचा दादा राहायचे. काचबिंदूने दादाची नजर गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. नजर असताना त्याला ती जागा दिसलेली होती, म्हणून तिथे तो आंधळा नव्हता. चहा करायचा, दाढी करायचा, खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांच्या चपलांवरून ओळखायचा. चार वर्षांपूर्वी छताच्या दुरुस्तीसाठी दोघांना तीन आठवडे दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं. त्या तीन आठवड्यांत तो दोनदा पडला. दुसऱ्या वेळी खुब्याचं हाड मोडलं. हाडांचे डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, की आता पुन्हा पडणं या माणसाला झेपणार नाही. दुसरं काही ते बोलले नव्हते.

एक फट मात्र होती. पेटीची मंजुरी त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतच होती. पाचच्या आत पेटी सुरू होऊन कागदावर सही झाली नाही तर मंजुरी आपोआप रद्द, आणि नवी मंजुरी देणारी समिती वर्षातून एकदाच बसते. हेही शिक्केसाहेबांनीच सांगितलं होतं, वेळेचं महत्त्व पटावं म्हणून. नऊताईला ते त्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्तच पटलं होतं. वर्षभर लांबलं तर वीस पूर्ण होत होती.

पण ती काही वाकडं करणाऱ्यांतली नव्हती. सकाळपासून रिमोटराव विचारत होता आणि ती उत्तरं देत होती.

"सहा नंबर वॉर्डाने नाही उचलला, तर पेटीने काय करायचं?"

"एक ते दोनमध्ये असेल तर एकशे एकोणसाठ, कपड्यांच्या खोलीत. नाहीतर पुन्हा सहालाच लावायचा, सिस्टर हात धुवत असतात."

"पेटीला हात धुणं कसं सांगू?"

"वीस सेकंद थांब म्हणावं."

त्याने ते खरंच लिहून घेतलं. स्क्रीनवर तिच्या डोळ्यांदेखत एक एक ओळ उमटत होती: विलंब, वीस सेकंद. तिला आश्चर्य वाटलं, की एकोणीस वर्षांतलं बरंचसं अशा ओळींमध्ये बसत होतं. नुकत्याच गेलेल्या माणसाच्या घरच्यांचं तिने सांगितलं तेव्हा मात्र नवी ओळ उमटली नाही. तो म्हणाला, "याला रकाना नाहीये, ताई."

"आणि माझा नऊ? तो कुणाला?"

"नऊ..." त्याने यादी चाळली. "सेवेबद्दल मत नोंदवण्यासाठी नऊ दाबा."

"बरं झालं. लोकांना माझ्याबद्दल मत नोंदवायचंच होतं."

कामाची त्याची पद्धत तिला आवडली. तो जे करी ते का करतो हेही सांगे, आणि तिला मुळातच अशा गोष्टींची उत्सुकता होती. पेटीच्या दारावर एक पहारेकरी असतो, तो म्हणाला. माणूस नव्हे, नियमांची यादी. बाहेरून कुणी आलं की पहारेकरी यादी वरून खाली वाचतो, आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तिथेच थांबतो. पुढचं वाचतच नाही. म्हणून ओळींचा क्रम महत्त्वाचा. 'मला आत सोड' ही ओळ वर हवी आणि 'बाकी सगळ्यांना अडव' ही तिच्या खाली.

"आणि उलटं झालं तर?"

"तर मीच बाहेर. चारशे किलोमीटरवर. म्हणून आमच्यात एक रीत आहे. पहाऱ्याला हात लावण्याआधी मशीनला सांगून ठेवायचं, की दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही तर सगळं पहिल्यासारखं कर. मग बदल करायचा. अडकलो, तरी दहा मिनिटांनी दार आपोआप उघडतं."

"शहाणी रीत आहे."

"एकदा अडकल्याशिवाय कुणी शिकत नाही. आमचे वरिष्ठ स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी एका कारखान्यात कीबोर्ड घेऊन बसले होते."

दुपारी बाराला त्याने एकेक नवा फोन वाजवून पाहायला सुरुवात केली. नऊताई कान देऊन ऐकत होती. दोनशे अठराला घंटा गेली आणि दादाने उचलला.

"बोला."

"चाचणी चालू आहे, सर. हा नंबर कुठल्या विभागात येतो?"

"झोपण्याच्या. तू तोच ना, जो आमच्या टिटवीची खुर्ची काढायला आलाय?"

"दादा," नऊताई मध्येच म्हणाली, "मी ऐकतेय."

"तू ऐक की. तुझं कामच ते." मग पुन्हा रिमोटरावाला, "लहानपणी एवढी बोलायची की आम्ही टिटवी म्हणायचो. बापाने वैतागून टेलिफोनात चिकटवली. म्हणाला, बोल आता आयुष्यभर. तुझ्या पेटीला बोलता येतं का?"

"येतं. पण ठरलेलंच."

"मग ती आमच्या काकूसारखी आहे," दादा म्हणाला. "दोनशे अठरा म्हणजे ऑपरेटरची खोली, बाळा. लिही. पुढच्या महिन्यात काय लिहायचं ते तुमचे साहेब सांगतील."

रिमोटरावाने फोन ठेवला आणि मग तिला विचारलं. तिनेही आडपडदा न ठेवता सांगितलं: पद, खोली, खुबा, आठ महिने, पाच वाजता संपणारी मंजुरी. सांगताना आवाज चढू दिला नाही. तो "हं" म्हणाला, आणि उरलेल्या फोनांच्या चाचणीत एकदाही हसला नाही.

चाचणीत अकरा नंबर चुकलेले सापडले. यादी दुरुस्त करायला त्याने पेटीतून उतरवून आपल्या संगणकावर घेतली. ठरलं असं होतं: साडेतीनला टेलिफोन कंपनी बाहेरच्या सगळ्या लाइन जुन्या यंत्रातून काढून पेटीकडे वळवणार, लगेच रिमोटराव पहारा कडक करणार, मग दुरुस्त यादी चढवणार, आणि दहा मिनिटांत पेटी बोलू लागणार. तेवढी दहा मिनिटं बाहेरून फोन लागणार नाहीत, असा कागद दारावर लावला होता.

साडेतीनला तिच्या हेडफोनमधली सगळी कुरकुर थांबली. एकोणीस वर्षांत तिने कामाच्या वेळी तशी शांतता ऐकली नव्हती. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

तीन छत्तीसला स्क्रीनवरचा बाण मध्येच थांबला. तिला वाटलं, तो पाणी प्यायला उठला असेल. चार मिनिटांनी तिचा मोबाइल वाजला.

"ताई, मी बाहेर पडलोय."

"घराबाहेर?"

"पेटीबाहेर. एकेचाळिसावी ओळ. 'सगळ्यांना अडव' ही मी वर लिहिली. माझी ओळ तिच्या खाली राहिली."

"मग दहा मिनिटं थांबू. दार उघडेल."

तो काही बोलला नाही. एवढ्यावरून तिला कळलं.

"रीत विसरलास."

"हो. तीन वाजता मी आमच्या साहेबांना मेल टाकली होती. ऑपरेटरची एक जागा पेटीत ठेवता येईल का, तुमच्यासाठी. तीन तेहतीसला उत्तर आलं. आपल्या कामात बसत नाही, वेळेत संपवा. त्या तिरमिरीत बसलो आणि सरळ ओळ लिहिली."

तिला त्याचा राग यायला हवा होता, की कीव, हे तिला ठरवता येईना. तिच्यासाठी कुणी मेल लिहिल्याची तिच्या आठवणीतली ही पहिलीच वेळ.

पुढची पंचवीस मिनिटं तो इतर दारं ठोठावत होता. टेलिफोन कंपनी म्हणाली, लाइन परत जुन्या यंत्राकडे वळवायला कामाचे दोन दिवस. शिक्केसाहेब मुख्य कार्यालयात बैठकीला गेले होते आणि त्यांचा फोन बंद. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने पुन्हा मोबाइल लावला.

"दोनच मार्ग आहेत, ताई. मी गाडी काढतो, पोहोचायला रात्र होईल. मंजुरी तोवर गेलेली असेल. किंवा कुणीतरी मागच्या खोलीत जाऊन पेटीला स्क्रीन आणि कीबोर्ड लावून ती ओळ खोडायची."

"खोलीची किल्ली साहेबांकडे असते."

"आणि?"

"आणि माझ्याकडे."

मग तो सावकाश, शब्द निवडत म्हणाला, "माझ्या अहवालात मी लिहू शकतो, की तिथे कुणी जाणकार माणूस हजर नव्हता. ते खोटंही नाही. चूक माझी आहे, ती माझ्या नावावर राहील. तुम्हाला कुणी एक शब्द विचारणार नाही."

"तुझी नोकरी?"

"बोलणी खाईन. त्यापुढचं बघू."

नऊताईने घड्याळाकडे पाहिलं. पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटं नुसतं बसायचं होतं, आणि बसण्याचा तिच्याएवढा सराव त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला नव्हता. अपघात विभागाचा फोन वेगळा होता, रुग्णवाहिकेचाही. म्हणजे फोन बंद राहिल्याने कुणाचा जीव जाणार नव्हता. हे तिने दोनदा मनाशी तपासून पाहिलं आणि दोन्ही वेळा हिशेब बरोबर आला. लोक फार तर वैतागतील, उद्या पुन्हा करतील. परवापर्यंत जुनं यंत्र परत सुरू होईल. दादा खिडकीत बसून चपला ओळखत राहील.

"बघते," ती म्हणाली. "नुसतं बघते, पेटी काय म्हणतेय ते."

ती किल्ली घेऊन मागे गेली. खोलीत पंख्यांची घरघर होती आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. त्याने सांगितलं तशी तिने आपली स्क्रीन आणि कीबोर्ड आणून जोडला, मोबाइल खांद्यात धरून. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"काय दिसतंय?"

"नंबर दिसताहेत. एकामागून एक वर सरकताहेत."

"ते बाहेरून येणारे फोन. कंपनीची तार वेगळी आहे, ती पहाऱ्यातून येत नाही. फोन पेटीपर्यंत पोहोचतोय, पण आतली यादीच नाही, त्यामुळे कुठे द्यायचा ते पेटीला माहीत नाही. तीस सेकंद वाजतो आणि तुटतो."

तिने वाचायला सुरुवात केली, आणि ते वाचन थांबवणं तिला जमेना. एखादा माणूस रस्त्यावरून जाताना ओळखीचे चेहरे पाहतो तशी ती त्या आकड्यांकडे पाहत होती. हा डायलिसिसच्या बाईंच्या लेकीचा; ती चार वाजता सुट्टीत करते. हा रक्तपेढीचा माणूस. हा कुणी नवीन. हा पुन्हा लेकीचा. आणि शेवटचे आकडे सात, सात, शून्य, तीन: हा सहा नंबर वॉर्डातल्या आजींच्या यजमानांचा. ते महिनाभर रोज चारला करत होते. आजींना फोनपर्यंत येता येत नसे. नऊताई सिस्टरला विचारून त्यांना सांगायची, की जेवल्या, झोपल्या, आज जरा बसल्या होत्या. दीड मिनिटाचं काम. आजोबांना ऐकायला कमी यायचं, म्हणून ती दोनदा सांगायची.

सात, सात, शून्य, तीन. चार वाजून एक मिनिट. चार वाजून तीन. चार वाजून चार. तिने मोजले. आठ वेळा. ती मोजत असतानाच नववा आला, तीस सेकंद तिच्यासमोर राहिला आणि मिटला.

"ताई? आहात ना?"

"हे फोन मला देता येतील का? माझ्या नऊवर? मी इथेच उभी आहे."

"यादीशिवाय पेटीला नऊ म्हणजे काय हेच माहीत नाही. यादी माझ्याकडे आहे. मी आत आलो की दोन मिनिटांचं काम."

"मग आत आल्यावर नऊवर दे."

"पेटीचा परवानाच ऑपरेटरशिवायचा घेतलाय. म्हणूनच तर मेल टाकली होती."

दहावा आला.

काही न करता पन्नास मिनिटं बसणं वेगळं आणि समोर उभं राहून पाहत असताना काही न करणं वेगळं, हे तिला खोलीत शिरण्याआधी सुचायला हवं होतं. खोक्यात बसून राहिली असती तर निभावलं असतं. ती बघायला आली, इथेच तिने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"सांग," ती म्हणाली.

"नक्की? ताई, मी घाई करत नाहीये."

"तू सांग. मी टंकते."

त्याने एकेक अक्षर सांगितलं आणि तिने एका बोटाने टंकलं. अक्षर टंकलं की ती मोठ्याने परत म्हणायची, जशी ती नंबर परत म्हणत असे. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा यादी उघडली. एकेचाळिसावी ओळ इतर ओळींसारखीच होती, आखूड, शेवटी 'अडव' असा शब्द. पेटीने विचारलं, खात्री आहे का? हो किंवा नाही.

तिने चार वाजून एकतीस मिनिटांनी हो दाबलं.

लगेच काही झालं नाही. मग पडद्यावर अक्षरं भराभर पळायला लागली आणि मोबाइलमध्ये त्याच्या कीबोर्डचा आवाज ऐकू आला. तो आत आला होता. त्याने या वेळी आधी दहा मिनिटांचं घड्याळ लावलं. तसं बोलूनही दाखवलं. यादी चढली. चार पस्तीसला तो म्हणाला, "सुरू."

पडद्यावर नंबर आता वर सरकून मिटत नव्हते. प्रत्येकापुढे एक शब्द येत होता: स्वीकारला.

"मला ऐकव," ती म्हणाली. "सात, सात, शून्य, तीन आला की ऐकव."

तो लगेचच आला. रिमोटरावाने ती लाइन दोघांना ऐकू येईल अशी केली. एका बाईचा गोड, धुतल्यासारखा आवाज म्हणाला, "आपले स्वागत आहे. वॉर्डसाठी चार दाबा."

"हॅलो?" आजोबा म्हणाले. "ताई? केव्हाचा लावतोय."

"तपासणीसाठी पाच दाबा."

"सहा नंबर वॉर्ड, ताई. तीच आपली. जेवली का तेवढं सांगा."

"क्षमस्व, आपली निवड समजली नाही."

"मोठ्याने बोला हो जरा."

"मला मध्ये घाल," नऊताई म्हणाली. "रिमोटराव, मला मध्ये घाल."

"नाही घालता येत."

आवाजाने यादी पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदाही म्हटली, तितक्याच गोडीने. आजोबा दर वेळी नीट ऐकून घेत आणि नीट उत्तर देत. मग आवाज म्हणाला, "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद," आणि लाइन तुटली.

नऊताईने मोबाइलवरचा त्याचा फोन ठेवून दिला, सहा नंबरच्या सिस्टरला आतल्या फोनवर विचारलं, आणि आपल्या मोबाइलवरून आजोबांना फोन लावला.

"जेवल्या. अर्धी वाटी जास्त. आता झोपल्यात." मग पुन्हा, हळू आणि मोठ्याने, "जेवल्या. झोपल्यात."

"तुमच्याकडे नवीन बाई आलीय का?" आजोबा म्हणाले. "ऐकतच नाही. स्वतःचंच चालवते."

"हो, नवीन आहे. आजोबा, लिहून घ्या. यापुढे ती बोलायला लागली की चार दाबायचं, मग सहा. म्हणजे सरळ वॉर्डात लागेल."

"थांबा, पेन बघतो." बराच वेळ सामान सरकवल्याचा आवाज येत राहिला. "हं. सहा, मग चार."

"चार, मग सहा."

"तेच म्हणालो. पण तुम्हीच उचला ना. तुम्ही असता ना उद्या?"

"मी आहे," ती म्हणाली. ते खरं होतं. धुलाई विभाग त्याच इमारतीत होता. तिथे फोन नव्हता.

शिक्केसाहेब पावणेपाचला धावतपळत आले. बाहेरूनच त्यांनी आपल्या मोबाइलवरून फोन लावून पाहिला होता आणि चेहरा उजळला होता. पेटीचं काम आणि मधला घोटाळा रिमोटरावाने त्यांना फोनवर सांगितला. चूक माझी, तो म्हणाला, आणि ताई नसत्या तर आज काही झालं नसतं. त्याने ते भल्यासाठी सांगितलं. शिक्केसाहेबांनी सुपूर्दनाम्याचा कागद पुढे केला. त्यावर साहेबांच्या सहीखाली आणखी एक रेघ होती: प्रत्यक्ष जागेवर हजर असलेला कर्मचारी.

"तुमचीच सही हवी, नऊताई. तुम्हीच तर केलंत."

तिने सही केली. वेळेचा रकाना होता, त्यात चार अठ्ठावन्न लिहिलं.

"मी वर कळवीन," साहेब म्हणाले. "विशेष उल्लेख करीन."

"खोलीसाठी काही होईल का, त्या उल्लेखाने?"

शिक्केसाहेबांनी शिक्का शाईच्या पेटीत टेकवला. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला. कपाळावर आठी आली. "उल्लेखाला तसा रकाना नसतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत मुदत आहे. एखाद-दोन दिवस मागेपुढे मी बघीन."

खोक्यात तिचं काही सामान नव्हतं. पाण्याची बाटली, एक स्वेटर, टेकायची उशी. बाहेरून येणारा एकही फोन आता तिच्याकडे येणार नव्हता, तरी ती सव्वापाचपर्यंत बसली, कारण उठायला काही निमित्त मिळेना. रिमोटरावाने एकदा मोबाइल वाजवला. तिने उचलला नाही. त्याला काय म्हणायचं होतं ते तिला माहीत होतं, आणि ते ऐकून घेण्याचं काम आज तिच्याच्याने होणार नव्हतं.

दादा खिडकीत होता. तिची पावलं ऐकून त्याने मान वळवली.

"आज इतक्या लवकर? बंद पडली का पेटी?"

"सुरू झाली."

"मधे काहीतरी अडलं होतं म्हणे. कंपाउंडर सांगत गेला. तासभर सगळे फोन शांत."

"अडलं होतं."

"मग?"

"मी काढलं."

बाहेरून कुणीतरी रबरी चपलांत गेलं; दादाने ते ओळखायचा प्रयत्न केला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, पाच वाजताची फटही. सकाळी त्यानेच म्हटलं होतं, की टिटवे, आज देव तुझ्या बाजूने असेल तर तो मशीनवाल्याच्या विरुद्ध असेल.

"काढायलाच हवं होतं का?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी काढलं त्याला काही फोन लागला नाही."

"हं."

तिने चहा ठेवला. उद्यापासून जागा बघायला लागायचं. तळमजला हवा, दाराला उंबरा नको, न्हाणीघर आत हवं. ती हे बोलली नाही. दादानेही विचारलं नाही. तो उठला, खिडकीपासून दारापर्यंत गेला, दारापासून भिंतीच्या कडेने परत आला, आणि मग पुन्हा तसाच गेला, या वेळी हात पुढे धरून, पाय घासत, अनोळखी जागेत चालावं तसा.

"काय करतोयस?"

"सराव," दादा म्हणाला. "तू चहा बघ. उतू जाईल."